जेलच्या दारात घराचा उतारा

“बसवराजअण्णांची अश्विनी गं! दर शनिवारी जेलात… पण पत्ता लागू द्यायचा न्हाय बरं का, कारण…”

एवढं कानावर आलं आणि गिरणीवाल्यानं पट्टा चालू केला. घर्र्र! पुढचं सगळं ज्वारीबरोबर दळलं गेलं. माझ्यापुढं उभ्या दोघी बायका, मागं कोण आहे हे न बघता, नुसती तोंडं हलवतायत, मला अक्षर ऐकू येईना. गिरणी थांबेपर्यंत दोघी डबे उचलून गेल्यासुद्धा!

आता काय सांगू तुम्हाला! त्या अर्ध्या वाक्यावर मी जो पराक्रम केला, तो ऐकून हसा खुशाल. मी आता हसून घेतलंय.

अश्विनी म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या महादेवीअक्काची लेक. लॉ कॉलेजात तिसऱ्या वर्षाला. तिचे वडील, बसवराजअण्णा, तिला वकिलीला पाठवायला तयारच नव्हते. तेव्हा मध्ये कोण पडलं? मीच! “अण्णा, शिकू द्या पोरीला. काय वाकडं झालं तर मी हाय की!”

आणि आता पोर जेलात? अण्णांना कळलं तर दुसऱ्या दिवशी कॉलेजातून नाव काढतील. पोरीची तीन वर्षं पाण्यात, आणि बोल कुणाला लागणार?

नेमका त्या दिवशी शनिवार. पिठाचा डबा घरात ठेवला आणि अक्काच्या दारात गेले.

“अक्का, अश्विनी कुटं हाय?”

“कॉलेजला गेलीय की,” अक्का म्हणाली. पण माझ्याकडं न बघता! झालं, माझी खात्रीच पटली.

मी सातवी शिकलेली बाई. पण जेलातून माणूस सोडवायला जामीन लागतो आणि जामिनाला घरदारवाला माणूस लागतो, एवढं जगात वावरून कळतं. कपाटातून घराचा उतारा काढला. रेशनकार्ड घेतलं, आधार घेतलं, वर लाईटचं बिलही घेतलं, असू दे म्हटलं. पोरीला आत काय खायला घालतायत देव जाणे, म्हणून डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी भरली. आणि रिक्षा केली.

जेलच्या दारात शिपाई उभा.

“कुणाला भेटायचंय?”

“भेटायचं न्हाय, न्यायचंय.”

“आं?”

“कागदं आणल्यात सगळी. पोरगी द्या, मी जाते.”

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग डब्याकडं बघितलं. “मावशी, त्या झाडाखाली टेबल हाय. तितं जावा.”

टेबलाशी पांढऱ्या ड्रेसातली एक मुलगी वही उघडून बसलेली. “बसा मावशी. आधी पाणी प्या. सावकाश सांगा.”

अहो, इतक्या मायेनं ‘सांगा’ असं मला आजवर कुणी म्हटलेलं नाही! मी अण्णांच्या हट्टापासून अक्काच्या बीपीपर्यंत सगळं सांगितलं. ती भराभर लिहितेय.

“अटक कधी झाली?”

“ते ऐकू आलं न्हाय.”

“गुन्हा कोणता?”

“तेवढ्यात गिरणी चालू झाली.”

“बरं. तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी काय पाहिलंत?”

“अक्कानं माझ्याकडं बघितलं न्हाय, ते पाहिलं की!”

तिचं पेन थांबलं. “मावशी, जामीन कोर्टात होतो. इथं दारात उतारा दाखवून माणूस मिळत नाही. बरं, नाव काय तिचं?”

“अश्विनी. वडील बसवराज. लॉ कॉलेजात हाय बघ, हुशार हाय लई…”

तिनं ओढणी तोंडावर दाबली आणि फाटकाकडं बघून हाक मारली, “ए अश्विनी! लवकर ये गं! तुला सोडवायला आल्यात!”

फाटकाचं छोटं दार उघडलं आणि काखेत फाईल घेऊन अश्विनी बाहेर! मागं तिच्या मॅडम.

“मावशी? तुमी हितं?”

मी धावत जाऊन तिचे दंड चाचपले. “मारलं का गं तुला?”

“कोण मारतंय? आमचं प्रॅक्टिकल हाय, मावशी!”

मग उलगडा झाला. कॉलेजात आता नुसती कलमं पाठ करून भागत नाही म्हणे. माणसाला बोलतं करायचं, त्याचं म्हणणं नीट लिहून घ्यायचं, अर्ज तयार करायचा, हे सगळं हातानं करून शिकायचं. म्हणून शनिवारी आत ज्यांना वकील नाही त्यांच्याशी बोलायचं आणि बाहेर त्यांच्या घरच्यांशी.

मॅडम माझी लिहिलेली हकिगत वाचून म्हणाल्या, “पाहिलेलं कुठलं आणि ऐकीव कुठलं, हे मी यांना महिनाभर समजावतेय. तुम्ही पाच मिनिटांत शिकवलंत!”

मला आधी ते कौतुकच वाटलं हो!

पण खरं सांगते, छातीवरचा धोंडा उतरला. पोर आत होती, पण कैदी नव्हती. भाकरी सगळ्यांनी मिळून झाडाखालीच संपवल्या.

परतताना रिक्षात मी अश्विनीचा हात धरला. “अण्णांना मी सांगायची न्हाय. गळ्याशप्पथ!”

“अण्णांना म्हाईत हाय की. परवानगीच्या कागदावर त्यांचीच सही हाय.”

“आणि अक्काला?”

“आईलाबी म्हाईत हाय. सगळ्या गल्लीला म्हाईत हाय.”

“मग गिरणीत त्या बाया म्हणत होत्या ते? पत्ता लागू द्यायचा न्हाय म्हणून?”

अश्विनी रिक्षाबाहेर बघायला लागली. “ते खरं हाय, मावशी. पण ते एकट्या तुमच्यापुरतं. आई म्हणाली, शेजारच्या मावशीला कळलं, तर ती डबा घेऊन थेट जेलाच्या दारात जाईल.”

मांडीवरचा रिकामा डबा मी हळूच पदराखाली घेतला.