दादाच्या गल्लीतला भोंगा

मरणाची बातमी आधी रेकॉर्ड करून ठेवता येत नाही, म्हणून माझं पोट भरतं. साड्यांचा सेल, नवीन दवाखाना, कोचिंग क्लास, यांच्या जाहिराती कुण्या बाईच्या गोड आवाजात भरून येतात आणि ऑटोवरच्या भोंग्यातून दिवसभर बालाघाट शहरात फिरतात. पण माणूस सकाळी जातो आणि दुपारी त्याला न्यायचं असतं. तेवढ्या वेळात गल्लोगल्ली सांगत फिरायला जिवंत गळा लागतो. तो माझा.

हा गळा जेलात तयार झाला. त्याआधी मी ट्रक चालवायचो. तिरोडीकडून चोरीचं मँगनीज आणताना टायर फुटला. सोबतचे दोघं धानाच्या बांधीतून पळाले आणि मी, गाडी अशी रस्त्यात कशी सोडायची म्हणून, जॅक लावत बसलो. पोलीस इतके समजदार की टायर बदलून होईपर्यंत थांबले.

जेलात मला मुलाकातीचं काम मिळालं. कोणाच्या भेटीला घरचे आले की बराकीसमोर उभं राहून त्याचं नाव पुकारायचं. शिक्षा संपेपर्यंत किती नावं पुकारली, देव जाणे. माझं पुकारायची वेळ आली नाही. घरचा म्हणून मला एकच, दादा. सरकारी ऑफिसात बाबू. सुटल्यावर त्याच्या गेटपाशी गेलो, तर वहिनीनं आतूनच सांगितलं, "घरी नाहीत ते." दादाच्या चपला पायरीवर होत्या.

लालबर्र्याच्या एका राइस मिलमध्ये काम मागायला गेलो. आधी काय करत होता, विचारलं. मी शहाणा, खरं सांगितलं. मुनीमजी म्हणाले, "बाद में बताते हैं." अजून विचार चालू असावा.

शेवटी ऑटोच्या मालकानं ठेवलं. त्यालाही सगळं सांगितलं होतं, पण त्यानं फक्त गळा ऐकला. पहिल्याच दिवशी साड्यांची जाहिरात वाजेना, म्हणून माइक माझ्या हाती आला. मी झकास बोललो आणि शेवटी सवयीनं जोडून दिलं, "जिस-जिस का नाम पुकारा है, गेट पर आ जाए. तलाशी होगी."

बाया हसून हसून ओट्यावर बसल्या. मालक धावत आला. "अबे, साड्या विकाच्या हायेत, मुलाकात नाही करवाची! तुले आता मयतीच देतो. तिथं तरी असं काही सुचणार नाही."

खरंच सुचलं नाही. पहिली शोकसूचना दिली तेव्हा पानठेल्यावरची माणसं बोलता बोलता थांबली. एका मोटरसायकलवाल्यानं गाडी बाजूला घेतली, हात जोडले. कोर्टात मी उभा होतो आणि जजसाहेब बसून बोलत होते. इथं मी बसून बोलत होतो आणि लोक उभे राहून ऐकत होते. तेव्हापासून हे काम मी जीव लावून करायला लागलो. नाव स्पष्ट, वेळ दोनदा, आधी हिंदीत, मग मराठीत. आपल्या चुकीनं कोणाचं शेवटचं दर्शन हुकू नये.

पण ऑटो थांबला की लोक एकच विचारतात, "कोण गेलं?" चहा घेता का, असं कोणी विचारत नाही. खोलीवर आलो की बोलायला कोणीच नाही. एका संध्याकाळी मीच सूचना दिली, "समस्त नगरवासियों, डाळ शिजली आहे." शेजारच्यानं भिंत ठोकली. मला बरं वाटलं. उत्तर तर आलं.

दादाची गल्ली मी टाळायचो. तिच्या तोंडाशी आलो की भोंगा बंद आणि लांबून वळसा. मग त्याच गल्लीतले गुरुजी गेले. आम्हा दोघा भावांना पाढे त्यांनीच शिकवले होते. आता वळसा कसा घालणार?

गेलो. एका हातानं ऑटो, दुसऱ्या हातात माइक. हिंदीतलं सांगून झालं आणि गेट वाजलं. दादा. केस सगळे पांढरे. माझ्याकडे न बघता, भोंग्याकडे बघत म्हणाला, "वेळ नीट नाही समजली. किती वाजता?"

"दादा, चार वाजता," मी म्हणालो. "तू जेवला का?"

माइक चालूच होता. गुरुजींच्या दारातली माणसं, गच्चीवरच्या बाया, सगळी गल्ली वळून बघायला लागली. अख्ख्या गल्लीनं दादाच्या जेवणाची चौकशी ऐकली.

"माइक तं बंद कर ना बे," दादा म्हणाला.

बंद केला. माइकची वायर बोटाला गुंडाळत बसलो. तो गेटला हात लावून उभा होता.

"हौ, जेवलो," एवढं म्हणाला आणि आत गेला.

मन त्या गेटपाशीच राहिलं होतं, पुढच्या तीन गल्ल्यांत मी चारऐवजी पाच सांगत गेलो. मालकाचा फोन आला, "काहून बे, गुरुजीले पाचले नेतं का तू? जाय, फिरून सांग!" फिरून गेलो. दादाच्या गल्लीत वेळ बरोबर सांगितली होती, तिथं पुन्हा जायचं काही कारण नव्हतं. तरी ऑटो तिकडंच वळवला. गेट बंद होतं. मी भोंग्याचा आवाज थोडा वाढवला.