राखून ठेवलेला अंगठा

जेवणाच्या सुट्टीत आमचे सावंत एक घास घेतात आणि फोनचा पडदा अंगठ्याने खाली ओढतात, जणू आडातून पाणी शेंदताहेत. मी लिहिलेली प्रशिक्षण-पुस्तिका त्यांनी परवा नोकरदारांच्या सोशल नेटवर्कवर स्वतःच्या नावाने झळकवली. साहेबांनी लगेच बढतीसाठी त्यांचं नाव घेतलं. सगळ्या ऑफिसने पोस्टला पसंतीचे अंगठे दिले. मी दिला नाही.

"मॅडम, पोस्ट पाहिलीत का?" त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"कुठली हो?" मी डोळे मोठे केले. आहाहा, काय तो त्यांचा चेहरा!

शेकडो अनोळखी लोकांच्या शाबासकीने माणसाचं पोट भरत नाही. ज्याला खरं ठाऊक असतं, त्याच्या एका शाबासकीसाठी जीव तळमळतो. मी भांडले असते, तर एकदाची माफी मागून सावंत सुटले असते. म्हणून मी भांडत नाही.

काल त्यांनी पोस्टखाली एक ओळ जोडली, 'जोशी मॅडमच्या मदतीने', आणि धावत माझ्या टेबलाशी आले.

"आता तरी अंगठा द्या की!"

"मदतीने?" मी गोड हसले. "अजून थोडं आठवून बघा, सावंत. घाई नाही. मला निवृत्त व्हायला बारा वर्षं आहेत."