भाऊजींनी खोली तयार केली

माझ्या भाऊजींना त्यांच्या धंद्यातले लोक 'आरसा' म्हणत. त्यांनी ओतलेल्या स्वयंपाकाच्या ओट्यात वाकून पाहिलं की कपाळावरची आठीसुद्धा दिसायची, म्हणून. माणूस मात्र आरशाच्या अगदी उलट. मनात काय चाललंय ते चेहऱ्यावर कधी उमटायचं नाही. माझ्या ताईने अख्खा संसार त्यांच्या पाठीकडे बघून अंदाज बांधण्यात काढला. पाठ ताठ असली की काम चांगलं झालं, वाकलेली असली की काहीतरी बिनसलं. मी तिच्या जागी असते तर एकदा तरी गदगदा हलवून विचारलं असतं. ताईचा स्वभाव तसा नाही.

त्यांचं काम इपॉक्सीचं. दोन डब्यांतली दोन औषधं, एक रेझिन आणि एक हार्डनर, ठरल्या मापाने एकत्र घोटायची, हवा तो रंग घालायचा आणि ते पाकासारखं मिश्रण प्लायवूडच्या फळीवर ओतायचं. ते आपोआप पसरतं, हळूहळू आळतं आणि काचेसारखं होतं. ऐकायला सोपं वाटतं. पण ओतल्यावर एक केस पडला, एक माशी बसली, टेबल जरा कललं, की तो दोष कायमचा आत गोठतो. म्हणून भाऊजी म्हणायचे, ओतणं हे काम नव्हेच, ओतायच्या आधीची तयारी हेच काम.

हे ज्ञान त्यांनी स्वतःच्या हातांसाठी कधी वापरलं नाही. ते कामाला होते त्या कारखान्यात हातमोजे होते, पण मोज्यात बोटांना कळत नाही म्हणून ते काढून ठेवायचे. सगळेच ठेवायचे. वर्षानुवर्षं काही झालं नाही आणि मग एका उन्हाळ्यात बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली. नंतर फोड आले, मनगटं सुजली, पापण्या सुजल्या. डॉक्टरीण बाईंनी स्पष्ट सांगितलं, "तुमच्या शरीराने या रेझिनशी कायमचं वैर धरलंय. आता थेंब लागला तरी हेच होणार. औषधाने सूज उतरेल, वैर जाणार नाही." कारखान्याच्या मालकांनी निरोपाच्या दिवशी खांद्यावर हात ठेवला. हाताला हात मात्र दिला नाही.

मग घरी बसणं सुरू झालं. एका हार्डवेअरच्या दुकानात काउंटरवर उभे राहिले, तर गिऱ्हाईक पॉलिश पेपर मागायला यायचं आणि भाऊजी त्याला कुठली फळी, कुठलं लाकूड, कशासाठी, असं विचारून नको तो माल न घेताच परत पाठवायचे. दुकानदाराने हात टेकले. त्यानंतर ते खिडकीपाशी खुर्ची घेऊन बसायला लागले. जेवायला हाक मारली तर जेवायचे, नाही मारली तर नाही. ताई माझ्याकडे येऊन रडली तेव्हा मला भाऊजींचा राग आला. हात सुजले, माणूस तर शाबूत आहे ना, असं मी म्हणाले. ती म्हणाली, "अगं, त्यांच्यात हातांशिवाय दुसरं काय होतं?"

अशात बेकरीवाल्या बाई आल्या. त्यांचं नवं घर होत होतं आणि त्यांना ओटा 'आरशा'च्याच हातचा हवा होता. ताईने चहा टाकत टाकत नाही म्हणायला सुरुवात केली, तोवर भाऊजी खुर्चीवरून उठले होते.

"मी घरीच करीन," ते म्हणाले. "मागची खोली नीट तयार केली तर मला काही लागणार नाही. कारखान्यात तयारीच नव्हती."

बाई गेल्यावर मी तोंड सोडलं. "भाऊजी, डॉक्टरीण बाई काय म्हणाल्या, विसरलात? पुन्हा सुजलात तर ताईने किती उस्तवार करायची?"

"पुन्हा सुजलो तर पुन्हा नाव काढणार नाही," ते म्हणाले. "एकदाच बघू दे. एकदाच."

ताई माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "करू दे गं. खुर्चीवरून उठलेत, बघतेस ना."

तिथे माझं काय चालणार! दुसऱ्या दिवशी मीच कपाट ढकलायला हजर झाले.

ती खोली त्यांनी जशी तयार केली तशी लोक नव्या सुनेसाठीही करत नाहीत. पलंग, कपाट, गाद्या, शिवणाचं मशीन, सगळं बाहेरच्या खोलीत. तिथे मग चालायला वाट उरली नाही. रिकाम्या खोलीच्या भिंती वरपासून खालपर्यंत प्लास्टिकने मढवल्या, सांध्यांवर चिकटपट्टी. जमिनीवर जाड प्लास्टिक, त्यावर पुठ्ठे. छताचा पंखा पुसून बंद केला आणि बटणावर पट्टी मारली, कारण पंखा म्हणजे धूळ. एक खिडकी कायमची बुजवली, दुसरीत खोलीतली हवा बाहेर फेकणारा पंखा बसवला आणि त्याचं तोंड कुणाच्याही दाराकडे नाही ना, हे गल्लीत उतरून पाहिलं. टेबल म्हणून जुनं दार दोन लाकडी घोड्यांवर आडवं टाकलं आणि लेव्हल लावून लावून पायांखाली लाकडाच्या चिपा सरकवत बसले. लेव्हलमधला बुडबुडा मधोमध येईना तेव्हा अर्धा दिवस जमिनीवर पालथे पडून होते. मी म्हणाले, "भाऊजी, जमीनच वाकडी असेल, पृथ्वी बदलून घेता का?" ते हसले. कित्येक महिन्यांनी हसले. ताईने माझ्याकडे असं पाहिलं की मला माझ्या चेष्टेचीच लाज वाटली.

मग घरावर हुकूम सुटले. शेजारच्या खोलीत ओले कपडे वाळत घालायचे नाहीत, हवेत दमटपणा येतो. भांडं उघडं उकळायचं नाही. रेझिनचे डबे आदल्या दिवसापासून त्याच खोलीत ठेवायचे, म्हणजे खोली आणि ते सारखे उबदार होतील. फळीच्या कडांना टेपची भिंत उभारली, मिश्रण वाहू नये म्हणून. आणि स्वतःसाठी दुहेरी हातमोजे, चष्मा, हवा गाळणाऱ्या दोन डब्यांचा मास्क. ताईने जुन्या चादरीचा अंगभर डगला शिवून दिला, बाह्या कोपराखाली आवळलेल्या. तो घालून ते उभे राहिले की पीठ सांडलेल्या भुतासारखे दिसायचे.

सगळ्यात जपलेली गोष्ट म्हणजे उंबरा. तिथे त्यांनी लाल पट्टी चिकटवली होती. पट्टीच्या आत घाण, पट्टीच्या बाहेर स्वच्छ. काम संपलं की आतच डगला आणि मोजे उतरवायचे, पट्टीवरून हात लांब करून बाहेरच्या बादलीत टाकायचे आणि स्वच्छ अंगाने बाहेर यायचं. कडीला त्यांचा हात लागू नये म्हणून दार ताईने उघडायचं.

त्याची रंगीत तालीमसुद्धा झाली. सगळं अंगावर चढवून, रिकामे डबे रिकाम्या बादलीत ओतून, काडीने हवा घोटून. तालीमच म्हणून मी आत कोपऱ्यात उभी राहून बघत होते आणि हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं. शेवटी त्यांनी आतून टकटक केली, ताईने दार उघडलं, डगला बादलीत पडला, ताईने बादली उचलली आणि न्हाणीघराकडे गेली. भाऊजींनी आपले कोरडे हात उजेडात धरून उलटसुलट पाहिले. आम्ही तिघांनी ती तालीम पाहिली. तिघांनाही ती बिनचूक वाटली.

ओतण्याच्या दिवशी मी मुद्दाम गेले. आत काय चाललंय ते दिसत नव्हतं, फक्त त्या पंख्याची घरघर आणि मध्येच बुडबुडे फोडायच्या गॅसच्या टॉर्चचा फुसफुस आवाज. ताई दाराबाहेर स्टुलावर बसून होती, कडीवर हात ठेवून. टकटक झाली. डगल्याची एक बाही बरीच भरली होती, मध घसरावा तसा रंगीत ओघळ तिच्यावरून चालला होता. ताई बादली घेऊन जवळजवळ धावलीच. मी म्हटलं, घाई कसली? ती म्हणाली, "अगं, आळायच्या आत निघालं तर निघतं, नाहीतर कापडाची फळी होते. मला काय नवीन आहे?" आणि स्पिरिटची बाटली ओतून, बाह्या वर सारून, चोळायला बसली.

भाऊजी तेव्हा बाहेरच्या खोलीत पलंगाच्या कडेला बसून स्वतःचे हात बघत होते.

सूज यायची तर एका-दोन दिवसांत यायची. ते दिवस त्यांनी हात मांडीवर ठेवूनच काढले. पहिला दिवस गेला, काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाव घेऊन गेले तर भाऊजींनीच दार उघडलं. दोन्ही हात माझ्या तोंडासमोर धरले. स्वच्छ! एक पुटकुळी नाही. "जमलं," ते म्हणाले. "खोली जमली. आता घरीच करता येईल. बेकरीवाल्या बाईंच्या बहिणीलाही हवाय." एवढं सलग बोलताना मी त्यांना लग्नातही ऐकलं नव्हतं. मग त्यांनी आत हाक मारली, "अगं, चहा टाक, ही आलीये!"

न्हाणीघराचं दार आतून बंद होतं. ताई म्हणाली, "तूच टाक गं आज." आवाज जरा वेगळाच होता. मी दार वाजवलं, मग जोरात वाजवलं. तिने उघडलं तेव्हा मी तिला क्षणभर ओळखलंच नाही. पापण्या इतक्या सुजल्या होत्या की डोळ्यांच्या जागी नुसत्या रेघा होत्या. दोन्ही हात कोपरापर्यंत लाल, फोडांनी भरलेले, बोटं मिटत नव्हती. ते हात ती माझ्यापासून नाही, माझ्या मागे उभ्या असलेल्या नवऱ्यापासून लपवायचा प्रयत्न करत होती.

डॉक्टरीण बाईंनी तिला विचारलं, "ही पहिलीच वेळ?"

"खाज असायची अधूनमधून," ताई म्हणाली. "साबणाने असेल."

"कधीपासून?"

ताईने हात पाठीमागे घेतले. बाईंनी भाऊजींकडे पाहिलं, त्यांना त्या ओळखत होत्याच. "कारखान्यात असताना यांचे कामाचे कपडे घरी कोण धुवायचं?"

उत्तराची कुणालाच गरज नव्हती. बाईंनी मान खाली घालून औषध लिहिलं आणि मग भाऊजींना सांगितलेलं वाक्य शब्दन् शब्द ताईला सांगितलं. वैर धरलंय, थेंब लागला तरी हेच होणार. भाऊजी खुर्चीत बसलेले होते ते आणखी खाली गेल्यासारखे वाटले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. रस्ताभर मला ओरडायचं होतं, की अहो, भिंत मढवलीत, पंखा बंद केलात, पृथ्वीला लेव्हल लावलीत, आणि बादली उचलणाऱ्या बाईला हात आहेत हे तुमच्या तयारीत कुठे आलं नाही? पण त्यांच्याकडे पाहिलं. जे मी बोलणार होते ते त्यांना माझ्याआधी कळलं होतं.

घरी आल्यावर ताईला पलंगावर बसवलं. तिचे हात मलम लावून कापडात गुंडाळले होते, डोळे बंदच. भाऊजी स्वयंपाकघरात गेले. तेवढ्यात मी मागच्या खोलीचं दार ढकललं, लाल पट्टीच्या अलीकडे उभी राहिले आणि आत पाहिलं. ओटा तिथे आडवा पडला होता, निळसर, खोल, एखाद्या तळ्याचं पाणी थांबलेलं असावं तसा. एक बुडबुडा नाही, एक कण नाही. मी त्यांचे पुष्कळ ओटे पाहिलेत. इतका सुंदर त्यांनी कधीच केला नव्हता. मला तिथेच रडू फुटलं.

बाहेर आले तेव्हा भाऊजी ताईला बशीतून चहा पाजत होते. प्रत्येक घोटाआधी स्वतः फुंकर मारून, ओठाला लावून बघत होते. कधी न केलेलं काम, त्यामुळे तिच्या हनुवटीवर सांडत होतं आणि ते आपल्या धडधाकट हातांनी पुसत होते.

"अहो, ओटा कसा झालाय?" ताईने विचारलं. "मला दाखवलाच नाहीत."

भाऊजींनी तिची हनुवटी पुन्हा एकदा पुसली.

"बिघडला," ते म्हणाले. "बुडबुडे राहिले खूप. आता माझा हात बसत नाही त्यात."

मी तोंड उघडलं. त्यांनी वर पाहिलं आणि माझ्यापुढे हात जोडल्यासारखे केले, बशी तशीच एका हातात धरून. मी तोंड मिटलं.

ताईने गुंडाळलेला हात चाचपत चाचपत त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. "असू द्या," ती म्हणाली. "किती दिवसांनी केलंत. खोली तर तयारच आहे, पुढच्या वेळी जमेल. मी आहे ना."

"हो," भाऊजी म्हणाले आणि पुढच्या घोटावर फुंकर मारायला लागले.