कवळीवाल्यांचं कर्जमुक्त घर

कवळीवाल्यांना गल्लीत मान होता. फक्त त्यांची बायको त्यांना हसायची, तेही तोंड मिटून. तिच्या डाव्या बाजूच्या दोन दाढा पडल्या होत्या. दंतवैद्याच्या मागच्या खोलीत दिवसभर लोकांचे दात घडवणाऱ्या या कारागिराला घरातलं ते खिंडार दिसायचं, पण परवडायचं नाही.

घराचं कर्ज मुदतीआधी फेडायचं, एवढा एकच ध्यास. हप्ता भरायचाच, वर उरलंसुरलं सगळं मुद्दलात ओतायचं. चहा बिनदुधाचा, पंखा पाहुण्यांपुरता.

"अहो, माझ्या दाढांचं बघा की. तुमच्याच हातचं काम."

"साचा घेऊन ठेवलाय ना तुझा! पण सामान काय फुकट येतं? तेवढेच मुद्दलात गेले तर व्याज वाचतं."

"दात कोरून पोट भरत नाही हो."

"अगं, घर आपलं होऊ दे. मग तुला राणीसारखं हसवतो."

राणी म्हणे! राणी वर्षानुवर्षं एकाच बाजूनं चावत राहिली.

अखेर कर्ज फिटलं. कवळीवाल्यांनी बँकेचा कागद गल्लीभर मिरवला आणि फळीवर मांडला, जणू शौर्यपदकच. पुढच्या रविवारी घरी आलेल्या बहिणीच्या देखत त्यांनी खिशातून कापसात गुंडाळलेल्या दाढा काढल्या.

"आ कर."

बसेनात. घासल्या, पुन्हा दाबल्या. बायको कळवळली.

"साचा कधीचा?" तिनं विचारलं.

"तोच. माळ्यावरचा. चांगला होता की! उगाच नवं प्लास्टर कशाला?"

"इतक्या वर्षांत शेजारचे दात कलले असतील, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं? तुम्हाला?"

कवळीवाले नखानं दाढ खरवडत राहिले. "ठाऊक होतं गं. पण तेव्हा व्याजाचा दर..."

"घ्या!" बहीण म्हणाली. "दादा, चणे आले नि दात गेले! वहिनी, तू याला इतकी वर्षं सोसलंस कसं?"

बायकोनं नवऱ्याच्या हातातल्या दाढा उचलल्या आणि फळीवर, त्या कागदावर नेऊन ठेवल्या.

"घर तुमचं झालंय ना? मग त्यालाच बसवा. बघा, ते तरी राणीसारखं हसतंय का."

मग नवऱ्याच्या पडलेल्या तोंडाकडे बघत ती हसली. खिंडारासकट, आ वासून, गल्लीला ऐकू जाईल असं.

"अगं, तोंड झाक," कवळीवाले पुटपुटले. "लोक काय म्हणतील, कवळीवाल्याची बायको..."

ती आणखीच हसली.