लग्नाला जाऊन आलेली बॅटरी

नांदेडला माझं जुन्या गाड्यांचं दुकान आहे आणि लातूरला माझ्या साडूंचं. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, म्हणून धंदाही भागीत. साडू माझ्याहून मोठे, मी त्यांना दादा म्हणतो. दादांचं आयुष्यभर एकच म्हणणं, लातूरला जे मिळतं ते नांदेडपेक्षा चांगलं असतं. मग ती तुरीची डाळ असो, पोरांची शिकवणी असो की गाडी धुणारा माणूस.

आमच्याकडे पहिली जुनी इलेक्ट्रिक गाडी विकायला आली तेव्हा दोघांचीही पंचाईत झाली. डिझेलच्या गाडीचं इंजिन कानाने कळायचं, धूर बघितला की पोटातलं कळायचं. या गाडीला आवाजच नाही. आम्ही आपले तिच्याभोवती फिरून टायर दाबत राहिलो. गिऱ्हाईक मात्र तयार होतं. उदगीरचे एक कापड व्यापारी, वयस्कर, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात इष्टलिंग, बोलणं मोजकं. सगळे त्यांना अप्पा म्हणत. त्यांना गाडी पसंत पडली, रंगही पसंत पडला. अट एकच घातली, बॅटरीची तब्येत किती राहिली ते लेखी पाहिजे.

तब्येत तपासून देणाऱ्या कंपन्या निघाल्या आहेत हे आम्हाला तेव्हाच कळलं. मी नांदेडचा एकजण बोलावला. त्याने स्टिअरिंगखाली एक डबी खोचली, मोबाइलकडे बघितलं आणि चहा यायच्या आत सांगितलं, त्र्याण्णव टक्के. दादांना हे पटलं नाही. चहाच्या आत डॉक्टरही नाडी बघत नाही म्हणाले. त्यांनी लातूरचा माणूस आणला. त्याने गाडी दुपारभर चार्जिंगला लावली, आकडे कुठेतरी दूर पाठवले आणि संध्याकाळी एक्क्याऐंशी टक्के म्हणून सांगितलं. मी चिडून माझ्या माणसाला पुन्हा बोलावलं, तर दुसऱ्या दिवशी त्याची डबी पंच्याण्णव म्हणाली. रात्रभर उभ्या उभ्या बॅटरीची तब्येत सुधारली होती. दादांनी त्याच्यासाठी आणखी एक चहा मागवला. त्याचाच जास्त राग आला.

शेवटी दोघांच्या संमतीने तिसरा माणूस हैदराबादहून बोलावला. पन्नाशीचे इंजिनिअर, डोक्याला टक्कल, सोबत लॅपटॉप आणि दहीभाताचा डबा. त्यांची पद्धत साधी होती. बॅटरी गच्च भरायची, मग पार रिकामी करायची आणि बाहेर पडलेली वीज मोजायची. आमच्या हातात काम आलं ते रिकामी करण्याचं.

चैत्र संपत आला होता. सकाळपासून आम्ही तिघं विष्णुपुरीच्या रस्त्यावर येरझाऱ्या घालू लागलो. एसी पूर्ण, दिवे लावलेले, रेडिओ मोठा आणि कोरड्या काचेवर वायपर चालू. समोरून येणारा प्रत्येक माणूस हाताची बोटं उघडझाप करून दिवे चालू असल्याचं सांगायचा. पहिल्यांदा आम्ही मान डोलावून आभार मानले. मग नुसता हात केला. एका ट्रॅक्टरवाल्याने तर गाडी थांबवून वायपरचंही सांगितलं. दादांनी त्याला समजावलं की आम्ही बॅटरी संपवून राहिलो. त्याने आम्हा तिघांना नीट न्याहाळलं, हाव, म्हणजे बरं, म्हणाला आणि निघून गेला.

दुपार झाली तरी बॅटरी काही संपेना. गाडीत इतका गारठा झाला होता की दादांनी उपरणं कानाला गुंडाळलं. बाहेर ऊन मी म्हणत होतं. अशात एका मंगल कार्यालयापुढे गर्दी दिसली. वीज गेलेली, जनरेटर बंद पडलेला, मांडवात माणसं पत्रिकांनी वारा घेत होती, आणि माईक मेल्यामुळे लग्न लावणाऱ्या स्वामींचा आवाज तिसऱ्या रांगेपलीकडे जात नव्हता. मुलीचे वडील रस्त्यावर येऊन येणाऱ्या-जाणाऱ्याला इलेक्ट्रिशियन विचारत होते.

हैदराबादचे साहेब एकदम ताठ बसले. या गाडीतून बाहेर वीज देता येते, म्हणाले, आणि आपल्याला तर ती खर्चच करायची आहे. आम्ही गाडी मांडवाला लावली. वायर जोडताच पंखे फिरले, माईक खरखरला आणि अक्षता पडल्या. मुलीच्या वडिलांनी आमचे हात धरले आणि आम्हाला पहिल्या पंगतीत बसवलं. साहेबांनी लॅपटॉप पत्रावळीशेजारी ठेवला आणि बुंदीचे लाडू खात आकडे टिपत राहिले. दादांनी गाडीपुढे नवरा-नवरीचा फोटोही काढला. पाठवणी झाली आणि थोड्या वेळाने गाडीने मान टाकली. साहेबांना इतका आनंद मी दुसऱ्या कशाने झालेला बघितला नाही.

अठ्ठ्याऐंशी टक्के. सही, शिक्का, सगळं. आम्ही तो अहवाल घेऊन उदगीरला गेलो. अप्पांनी चष्मा लावून सगळा वाचला. वीज कशी खर्च झाली, या रकान्यापाशी त्यांचं बोट थांबलं. साहेब प्रामाणिक माणूस. त्यांनी लिहिलं होतं: प्रवास, वातानुकूलन, विवाहसोहळा.

"कुणाचा विवाह?" अप्पांनी विचारलं.

दादांनी हौसेने मोबाइलमधला फोटो काढून दाखवला. अप्पांनी तो जवळ धरला, लांब धरला आणि मोबाइल परत दिला. मुलीचे वडील त्यांच्या चुलत बहिणीचे मालक निघाले. नवरी म्हणजे अप्पांची भाची.

"मामाला पत्रिका न्हाई," अप्पा म्हणाले, "अन् मामाची गाडी लग्नाला जाऊन आली."

गाडी अजून तुमची झालेली नाही, असं दादांनी सांगून बघितलं. त्याने आणखीच बिघडलं. अप्पा उठून आत गेले. बॅटरीवर आमची इतकी तयारी होती, तिन्ही अहवालांतला फरकही मी पाठ केला होता, पण मानपानावर काय बोलावं हे तिन्ही कंपन्यांपैकी कुणीच सांगितलं नव्हतं.

परत येताना दादा प्रथमच माझं मत विचारून बोलू लागले. दोघांनी ठरवलं की मुलीच्या वडिलांनाच गाठायचं. आमचं ऐकून त्यांचा चेहरा उतरला. पत्रिका मोबाइलवर पाठवली होती, अप्पांच्या जुन्या नंबरवर, आणि उत्तर नाही म्हणून तेच अप्पांवर रुसून बसले होते. दुसऱ्या सकाळी ते शेला, टोपी आणि नारळ घेऊन आमच्याबरोबर त्याच गाडीतून उदगीरला निघाले. वाटेत त्यांनी तीनदा गाडी परत फिरवायला सांगितलं. दादांनी ऐकू न आल्यासारखं केलं.

अप्पा ओट्यावर बसले होते. मग मुलीचे वडील पुढे झाले आणि म्हणाले, "चुकलं माझं. मी यायला पाहिजे होतं, मोबाइलनं न्हाई."

अप्पांनी आत हाक मारून चहा सांगितला. शेला घेतला, टोपी घातली. मग आमच्याकडे वळून गाडी एकदा चालवून दाखवा म्हणाले. दोघं व्याही असल्यासारखे मागे बसले, दोन टोकांना, खिडकीबाहेर बघत. मी उदगीरच्या किल्ल्याच्या बाजूने गाडी घेतली. बराच वेळ आत कसलाच आवाज नव्हता. गाडीचाही नाही. मग मुलीच्या वडिलांनी हळूच विचारलं की यंदा लग्नसराईत कापड कसं गेलं, आणि अप्पांनी सविस्तर सांगायला सुरुवात केली. मी गाडी आणखी थोडी पुढे नेली.