नवशा मिस्त्रीची माडीची बोट

दांडीच्या किनाऱ्यावर नवशा मिस्त्रीइतका संशयी माणूस दुसरा नव्हता. ताक फुंकून पिणारे पुष्कळ असतात. नवशा पाणीसुद्धा फुंकून प्यायचा आणि वर ते भरलं कुणी हेही विचारायचा. बायकोनं, हिरानं, जेवायला जरा लवकर हाक मारली तरी त्याच्या मनात पाल चुकचुकायची. हातात कला मात्र अशी, की सातपाटीपासून डहाणूपर्यंतचे नाखवे बोट बांधायची म्हटली की आधी त्याच्या दारात यायचे. कागद नाही, नकाशा नाही. गाठी मारलेली एक दोरी आणि नजर, एवढ्यावर काम. डोळा बारीक करून तो बोटीच्या फासळ्यांच्या रांगेकडे बघायचा, "डावीकडची तिसरी बोटभर आत हाय," म्हणायचा, आणि मापलं की बोटभरच निघायची.

पण हा धंदा तसा निर्दय. ज्या मिस्त्रीची बोट पाण्यात उतरताच एका अंगाला कलली, त्याला दांडीचे नाखवे पुन्हा काम देत नसत. नवशाच्या सख्ख्या चुलत्यावर ही पाळी आली होती. समुद्रावर ज्याचं नाव होतं तो माणूस पुढे मरेपर्यंत खाटा आणि पाळणे करत बसला. नवशाला भुताची भीती वाटली नसेल एवढी त्या पाळण्यांची वाटायची.

पासष्ट सालच्या दिवाळीनंतर जवळच्या माहीम गावचे बागायतदार बळवंतराव त्याच्याकडे आले. पानवेलींच्या वाड्यांवर चांगला पैसा झाला होता आणि आता डोक्यात नवीन खूळ शिरलं होतं. तारापूरला वीजघराचं काम निघालेलं, इंजिनियर आणि साहेबलोक राहायला आलेले. त्यांना रविवारी समुद्रात फिरवून आणायचं. बळवंतरावांनी काखेतून एक कॅलेंडर काढलं. त्यावर पाच मजली पांढरं विलायती जहाज होतं.

"असलं पाहिजे, मिस्त्री. पाच नकोत, दोनच मजले. खाली बाकं, वर माडी, माडीवर खुर्च्या आणि चहा."

नवशानं कॅलेंडर उलटं करून मागची बाजूही बघून घेतली. "मासळी कुठं भरायची?"

"मासळी नाही भरायची."

"मंग जायचं कुठं?"

"कुठंच नाही. फिरून परत इथंच यायचं."

नवशाला हे काही पटेना. जी बोट रिकामी जाते आणि रिकामी येते, तिच्या पोटात नक्की चोरीचं सोनं असणार, असं त्यानं हिराला त्याच संध्याकाळी सांगितलं. बळवंतरावांनी मुंबईहून करून आणलेला निळ्या कागदावरचा नकाशाही त्यानं घडी घालून आढ्याला खोचून ठेवला. कागदाला समुद्राचं काय कळतं, म्हणाला. खरी गोष्ट अशी, की त्या निळ्यावरच्या पांढऱ्या रेघा त्याला नीट दिसल्याच नव्हत्या. पण दोष कागदाचा. त्याच आठवड्यात भर दुपारी हिराच्या वाळत घातलेल्या बोंबलांवरून तो चालत गेला, तेव्हा दोष बोंबलांचा होता.

काम सुरू झालं. जोडीला रामू होताच, वरकामाला दोन गडी. रामू त्याच्याहून दहा वर्षांनी लहान, वीस वर्षं त्याच्या हाताखाली राबलेला, तोंडातून शब्द काढताना सोनं मोजून दिल्यासारखा बोलणारा. कणा घातला, फासळ्या उभ्या राहिल्या, आणि नवशाला एक गोष्ट खटकू लागली. दुपारी जेवून तो मांडवात घटकाभर पडायचा. उठल्यावर डाव्या फासळ्यांखाली पाय टाकला की तळव्याला ताज्या ढलप्या लागायच्या. सकाळी तर त्यानं जागा झाडून घेतली होती.

त्यानं विचारलं नाही. संशयी माणूस विचारत नाही, पाळत ठेवतो. तिसऱ्या दिवशी त्यानं आपली गाठींची दोरी मुद्दाम उघड्यावर ठेवली, डोक्यावर पंचा घेतला आणि घोरायला लागला. पंच्याच्या आडून त्याला दिसलं, म्हणजे अंधुक कळलं, की रामूची आकृती उठली, दोरी उचलली, डाव्या फासळ्यांना लावली.

नवशा ताडकन उठला. "माझी मापं चोरतोस? कुणाला विकतोस रे? त्या मुंबईवाल्याला?"

रामूच्या हातात दोरी तशीच राहिली. "मापं चोरून मी काय करू, दादा?"

"मंग दोरीला हात कशाला लावलास? सांग."

रामूनं एकदा मांडवातल्या दोघा गड्यांकडे बघितलं, एकदा नवशाकडे. मग दोरी खाली ठेवली, हत्यारं गोळा केली आणि निघून गेला. वीजघराच्या ठेकेदाराला सुतार हवेच होते. सिमेंट ओतायच्या फळ्या ठोकायला तो दुसऱ्या दिवसापासून तिकडे जाऊ लागला. इकडे नवशानं गावभर करून टाकलं, की रामू चोर निघाला.

उरलेली बोट नवशानं एकट्याच्या नजरेवर पुरी केली. माडीसुद्धा त्यानंच चढवली. हिरा दोनदा म्हणाली, "रामूला बोलवा." दोन्ही वेळा त्यानं तिच्याकडेच संशयानं बघितलं.

चैत्रात बोट उतरवायचा दिवस आला. नारळ फुटला, सगळं गाव दोराला लागलं. बोट पाण्यात उतरवायची तर कुणी घरी बसत नाही, म्हणून रामूही आला होता, सगळ्यांच्या मागे, दोराच्या शेवटाला धरून. बोट वाळूवरून घसरली, पाण्यात शिरली, डुलली, आणि स्थिर होताना डाव्या अंगाला कलली ती कललीच. माडीवरच्या खुर्च्या घसरत जाऊन डाव्या कठड्याला आपटल्या.

बळवंतराव पुढे झाले आणि म्हणाले, "ही त्या चोराची करणी. जाताजाता घोळ करून गेला."

"तोच," झुंबर नाखवा म्हणाला. "आजपासनं त्याला या किनाऱ्यावर हत्यार धरू द्यायचं नाय."

माना हलल्या. दोराच्या शेवटाला रामू खाली बघत उभा होता. नवशाच्या छातीवरचा धोंडा उतरला. ताटात वाढून आलं होतं. नुसतं 'हो' म्हणायचं, की चुलत्याचे पाळणे टळले. त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात हिरानं त्याचं मनगट धरलं.

"दोन वर्षं तो तुमची डावी बाजू सरळ करतोय," ती त्याच्या कानाशी म्हणाली. "रोज तुमी झोपलात की करतो. मीच त्याला बोललेली, सांगू नको म्हणून."

"दोन वर्षं? झुंबरची बोट?"

"ती पण."

झुंबरच्या बोटीसाठी गावानं नवशाला फेटा बांधला होता. पाण्यात उभ्या उभ्या त्याला शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. वीस वर्षं आपल्या पाठीशी राहिलेल्या माणसाला आपण चोर म्हणालो, आणि आताही, आता या क्षणीही, पुन्हा म्हणणार होतो.

"बळवंतराव," तो मोठ्यानं म्हणाला, "रामूचा हात लागला नाय, म्हणून ती कलली. मीच घालवला त्याला. माझ्या नजरेला आता बोटभर फरक दिसत नाय."

बायकांत कुजबुज झाली. झुंबर नाखवा दुसरीकडे बघू लागला. रामू पाण्यात आला, बोटीच्या डाव्या अंगावर हात फिरवला, वर माडीकडे बघितलं.

"माडी उतरवायची आणि परत चढवायची. दोन रविवार लागतील. बाकीचे दिवस मला ठेक्यावर जायचंय. तिथं रोज माझं काम मोजतात, पण माझ्या तोंडावर मोजतात." मग तो नवशाकडे वळला. "आणि दादा, मी काम करीन तवा तू शेजारी बसायचंस. जागा. माझ्या हातांकडं बघत."

"माझा संशय नाय रे आता."

"तुझा नसंल. गावाचा हाय. तूच लावलास."

रविवारी बोट वाळूवर ओढली आणि नवशा हातभर अंतरावर येऊन बसला. डोळे फाडफाडून बघत राहिला. समोर एक करडी सावली हलत होती, तासणीचा आवाज येत होता. दोरी कुठे लागते, धार कुठे पडते, काही म्हणजे काही कळत नव्हतं. जन्मभर ज्यानं दुसऱ्यांच्या हातांवर पाळत ठेवली, त्याला बघ म्हटल्यावर बघता येईना.

दहाच्या सुमारास झुंबर नाखवा मुद्दाम वाट वाकडी करून आला. त्यानं रामूच्या हातांकडे वाकून बघितलं. मग म्हणाला, "मिस्त्री, बरोबर चाललंय ना याचं? बघताय ना तुमी?"

"बघतोय," नवशा म्हणाला. "बरोबर चाललंय."