वाघदेवाच्या वळणावरचा परवाना

माझ्याकडे इंग्रजी मुलखातला मोटारीचा परवाना होता. नाशकात तो मी ऐटीत खिशातून काढून दाखवायचो. जव्हार संस्थानच्या नाक्यावर मात्र शिपायाने तो उलटासुलटा करून पाहिला आणि परत दिला. इथला मुलूख वेगळा, परवानाही वेगळा. इथल्या एका शेठजींनी उतारू नेण्यासाठी नवी कोरी मोटार घेऊन मला बोलावलं होतं. नाशकातली नोकरी सोडून, बायकोला घेऊन मी आलो होतो. परवाना मिळाला नाही तर धर्मशाळेतून उठून जायचं कुठे, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. आधीचा ड्रायव्हर का गेला, असं मी शेठजींना विचारलं, तर ते पान लावण्यात गुंग झाले.

परीक्षेला संस्थानचे फौजदार माझ्या शेजारी बसले, मागे एक म्हातारा वारली शिपाई. घाट उतरायचा, नदीपासून मागे फिरायचं आणि परत वर यायचं. मध्ये मोटार थांबली की नापास, असं बाजारात कुणीतरी मला सांगून ठेवलेलं. मी आजवर सपाट रस्त्यावरच मोटार हाकलेली. इथे एका अंगाला कडा आणि दुसऱ्या अंगाला नुसती हवा.

अर्ध्या घाटात रस्त्याकडेला शेंदूर फासलेला लाकडी खांब होता, त्यावर वाघ कोरलेला.

"थांब दादा, वाघदेव हाय," शिपाई मागून म्हणाला. "इथं समदी थांबतात."

फौजदार समोर रस्त्याकडेच बघत होते. उतारावर ब्रेक धरेल का, याची धास्ती, त्यात नापास होण्याची. मी थांबलो नाही. शिपाई बराच वेळ काहीतरी पुटपुटत राहिला.

नदीपाशी मोटार वळवली तेव्हा माझा सदरा घामाने चिंब झाला होता. चढताना त्याच वळणावर इंजिन कण्हू लागलं आणि माझा धीर सुटला. नोकरी गेली तर गेली, म्हणत मी वाघदेवापुढे थांबलो. शिपायाने टुणकन उतरून चाकामागे दगड लावला. बैलगाडीवाल्यांनी चाकाला लावून तिथेच सोडलेले दगड रस्ताभर पडले होते. मग त्याने एक डहाळी मोडून देवापुढे ठेवली. फौजदारही उतरले आणि त्यांनी हात जोडले.

"उतरताना का नाही थांबलास?" त्यांनी मला विचारलं.

"भीती वाटली, साहेब."

"आणि आता का थांबलास?"

"भीतीच वाटली."

ते हसतील असं वाटलं. हसले नाहीत. दंडाला धरून त्यांनी मला कडेला नेलं. खाली करवंदीच्या जाळीत मोटारीचं एक चाक अडकलेलं दिसत होतं.

"त्याला भीती नव्हती," ते म्हणाले. "परवाना संध्याकाळी घेऊन जा."

शेठजींना नवी मोटार का घ्यावी लागली, ते मला तेव्हा कळलं.

संध्याकाळी बायकोने परवान्याला हळदकुंकू लावलं आणि धर्मशाळेत सगळ्यांना गूळ वाटला. ज्याच्यासाठी मुलूख सोडून आलो, तो कागद मला हातात धरवत नव्हता. चाकाचं मी तिला काही बोललो नाही.

"उद्याच्या पहिल्या फेरीला मीही येणार," ती म्हणाली. "पुढे, तुमच्या शेजारी."